जोनी मिचेलचं एकच गाणं निवडायचं झालं तर

कॅनडात जन्मलेल्या गायिका-गीतकार जोनी मिचेलचं सर्वांत आवडतं गाणं कोणतं, असं विचारलं की बहुतेक जण 'ब्लू' या अल्बमकडे धाव घेतात आणि तिथून 'अ केस ऑफ यू' उचलून आणतात. गाणं थोर आहे, त्यात वाद नाही. पण ही निवड बहुधा शब्दांवरून झालेली असते, आणि नुसत्या शब्दांवरून निवड केली की अर्धी जोनी हातातून निसटते. माझं उत्तर आहे 'अमेलिया', 1976 च्या 'हेजिरा' अल्बममधलं. ते का, हे सांगायला गिटारच्या तारांपासून सुरुवात करावी लागते.

आपल्याला भावगीताची सवय आहे. कवी एक, संगीतकार दुसरा, गायक बरेचदा तिसरा. गीतरामायण म्हटलं की गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल वेगवेगळी काढून त्यांवर बोलता येतं. जोनीच्या गाण्याची अशी फोड करता येत नाही. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा, आणि गिटारच्या सहा तारा कोणत्या स्वरांत लावायच्या हेसुद्धा गाण्यागणिक तिनेच ठरवलेलं. तारा बदलल्या की कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलतात, कॉर्ड बदलल्या की चालीला वेगळ्या वाटा सुचतात, आणि त्या वाटेने शब्दांची लांबीही बदलते. म्हणून तिच्या गाण्यांत तारा कशा लावल्या आहेत हा पडद्यामागचा तपशील ठरत नाही. रचना तिथेच सुरू होते.

यामागे एक अगदी शारीरिक कारण आहे. 1943 साली कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात जन्मलेल्या जोनीला नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा हात कमजोर राहिला. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये (जाड तारेपासून ई-ए-डी-जी-बी-ई) बोटं ताणून पकडाव्या लागणाऱ्या कॉर्ड तिला जड जात. मग तिने तारांनाच असं लावायला सुरुवात केली की एक-दोन बोटांत भरीव कॉर्ड मिळावी. पुढे अशी पन्नासहून अधिक ट्यूनिंग तिच्याकडे जमली. ती लक्षात ठेवायला तिची एक सुटसुटीत खूण आहे: पहिलं अक्षर म्हणजे सर्वांत जाड तारेचा स्वर, आणि पुढचे पाच आकडे म्हणजे आधीची तार कितव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीवर) दाबली की पुढची मोकळी तार जुळते. 'ई 75435' म्हणजे जाड तार ई, तिच्या सातव्या फ्रेटवर पाचवी तार जुळवा, पाचवीच्या पाचव्या फ्रेटवर चौथी, चौथीच्या चौथ्यावर तिसरी, मग तिसरीच्या तिसऱ्यावर दुसरी आणि दुसरीच्या पाचव्यावर पहिली. हे झालं ओपन ई, म्हणजे मोकळ्या तारांवरच ई मेजर कॉर्ड. 1970 चं 'बिग यलो टॅक्सी' यातलंच.

आता निवडीकडे. 1968 ते 2007 या काळात तिचे एकोणीस स्टुडिओ अल्बम आले. सगळे एका दमात ऐकून निवड होत नाही, आणि 'बेस्ट ऑफ' ऐकून तर मुळीच होत नाही. 1996 मध्ये तिने एकाच दिवशी दोन संकलनं काढली, एकाचं नाव 'हिट्स' आणि दुसऱ्याचं 'मिसेस' (Misses, म्हणजे हुकलेली). आज ज्या 'अ केस ऑफ यू'वर जग फिदा आहे ते यांतल्या 'मिसेस'मध्ये आहे. 'अमेलिया' दोन्हींत नाही. संकलनावर भिस्त ठेवली असती तर ते कानावरही पडलं नसतं.

चार कप्पे केले तर काम सोपं होतं. गिटार आणि आवाज एवढ्यावर उभे असलेले सुरुवातीचे अल्बम, मग 1971 चा 'ब्लू' आणि त्याच्या आजूबाजूचा काळ, मग 1974 च्या 'कोर्ट अँड स्पार्क'पासूनचा जॅझकडे झुकलेला काळ, आणि शेवटी उतरलेल्या खर्ज आवाजातली ऑर्केस्ट्राची ध्वनिमुद्रणं. प्रत्येक कप्प्यातून एकच गाणं पुढे न्यायचं. प्रत्येक गाणं दोनदा ऐकायचं, एकदा फक्त आवाजाच्या मागे जायचं आणि एकदा आवाज सोडून बाकी सगळ्याच्या मागे. शब्दांचा कागद या दोन्ही वेळा समोर नको. डोळे ओळी वाचायला लागले की कान साथीकडे दुर्लक्ष करतात आणि गाणं कवितेसारखं गुण घेऊन जातं. फोनच्या स्पीकरवर तर निवड करूच नये. 'अमेलिया'ची सर्वांत जाड तार साधारण 65 हर्ट्झवर बोलते आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो मूळ स्वर बाहेरच येत नाही. 'कोयोटी' आणि 'हेजिरा' या गाण्यांत जॅको पास्टोरियसचा फ्रेट नसलेला बेस आहे, त्याचंही तेच होतं. साधे तारेचे हेडफोन पुरतात.

आवृत्तीही आधी पक्की करायला हवी. इथे सर्वांत मोठा घोळ 'बोथ साइड्स नाऊ'चा होतो. गाणं तिने 1967 मध्ये लिहिलं, जूडी कॉलिन्सच्या आवाजात ते 1968 मध्ये गाजलं, जोनीने स्वतः 1969 च्या 'क्लाउड्स'मध्ये गायलं, आणि 2000 साली व्हिन्स मेंडोझाच्या वाद्यवृंद-संयोजनात पुन्हा गायलं. पहिल्यात पंचविशीतली मुलगी उंच, निर्मळ पट्टीत गाते. दुसऱ्यात साठीकडे झुकलेली, आयुष्यभर सिगारेट ओढलेली बाई बऱ्याच खालच्या पट्टीत गाते आणि प्रत्येक ओळीआधी थबकते. शब्द तेच, गाणी दोन. 'मला बोथ साइड्स नाऊ आवडतं' म्हणणाऱ्याला आधी साल विचारावं. मला 2000 चं आवडतं. पण ते आवडण्यात 1969 च्या गाण्याची आठवण मिसळलेली असते, ते एकट्याने पुरं पडत नाही. म्हणून ते माझ्या यादीत दुसरं.

'अ केस ऑफ यू'त गिटार जोनीची नाहीच. ती वाजवते अपलाचियन डल्सिमर, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं लांबट वाद्य, आणि गिटार आहे जेम्स टेलरची. डल्सिमरला सगळे बारा स्वर देणारे फ्रेट नसतात, ते फक्त सप्तकातल्या सात स्वरांच्या जागी ठेवलेले असतात. त्यामुळे चालीला एक गोड मर्यादा येते. त्या साधेपणावर गाणं तरतं. गिटारवर ते वाजवायला घेणारे अनेक जण फसतात ते इथेच: भरगच्च कॉर्ड घालतात आणि आवाजाभोवतीची मोकळी जागा बुजते. दोन-तीन तारांवर भागवलं तर गाणं जागेवर येतं.

'रिव्हर' नाताळचं गाणं म्हणून डिसेंबरात कुठेही लागतं, कारण सुरुवातीला पियानोवर 'जिंगल बेल्स'ची चाल उदास होऊन येते. सुंदर आहे, पण त्याच्यावर आता ऋतूचा शिक्का बसला आहे. 'हेल्प मी' अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं, तिच्या गाण्यांतलं सर्वांत वर गेलेलं. बँडच्या साथीची लज्जत घ्यायची असेल तर तेच.

आता 'अमेलिया'.

1976 च्या सुमारास ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मेनमधून लॉस एंजेलिसकडे एकटीच गाडी चालवत परतली आणि 'हेजिरा'मधली बरीच गाणी त्या प्रवासात झाली. वाळवंटातून जाताना सहा जेट विमानं दिसतात, मागे वाफेच्या सहा पांढऱ्या रेघा. पहिल्याच कडव्यात ती त्या रेघांना आपल्या गिटारच्या सहा तारा म्हणते. पुढे ती थेट वैमानिक अमेलिया इअरहार्टशी बोलू लागते. इअरहार्टने 1932 मध्ये एकटीने अटलांटिक ओलांडला होता, आणि जुलै 1937 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करताना न्यू गिनीतल्या लेहून हाउलँड बेटाकडे निघालेली ती आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन प्रशांत महासागरावर बेपत्ता झाले. (त्याच फेरीत, नाहीशी होण्याच्या काही आठवडे आधी, तिचं विमान कराची आणि कलकत्त्याला उतरलं होतं.) एकट्याने निघालेल्या एका बाईने दुसरीला लिहिलेलं पत्र, असं या गाण्याचं रूप आहे.

सात कडवी, सुमारे सहा मिनिटं. वेगळं ध्रुवपद नाही. प्रत्येक कडव्याच्या शेवटी अमेलियाला हाक मारून तीच एक कबुली येते, की हा धोक्याचा इशारा खोटाच निघाला. फक्त सातव्या कडव्यात ती ओळ थोडी बदलते आणि त्यात स्वप्नं येऊन मिसळतात. ड्रम्स नाहीत, बेस नाही. जोनीची गिटार, लॅरी कार्लटनची लीड गिटार आणि व्हिक्टर फेल्डमनचा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), एवढ्यावर सहा मिनिटं पेलली आहेत. ठेका धरायला कोणी नाही म्हणून ओळी लांबतात, आखडतात, आणि गिटार त्यांच्यामागून जाते.

खरी किमया पट्टीत आहे. ट्यूनिंग 'सी 75435', म्हणजे मघाच्या 'बिग यलो टॅक्सी'चीच तारांची नाती, फक्त दोन पूर्ण स्वर खाली. मोकळ्या तारा छेडल्या की सी मेजर, पेटीच्या भाषेत पांढरी एक. पण गाणं पांढरी एकमध्ये वसत नाही. कडवं सुरू होतं एफमध्ये, म्हणजे पांढरी चारात, आणि संपतं जीमध्ये, पांढरी पाचात. मग कडव्यांमधल्या गिटारच्या तुकड्यात परत एफकडे यायचं आणि पुन्हा तोच प्रवास. मोकळ्या तारांचा सी या दोन्ही घरांना चालतो: एफ षड्ज धरला तर सी त्याचा पंचम, आणि जी षड्ज धरला तर तोच सी मध्यम. आपल्या कानाला मूर्च्छनेची ओळख असेल तर ही षड्ज सरकल्याची जाणीव लगेच होते. पट्टी बदलल्याचा धक्का कुठेही बसत नाही, तरी प्रत्येक कडव्याच्या शेवटी आपण सुरू केलेल्या ठिकाणी नाही हे कळतं. शब्दांत जो माणूस कुठेच पोहोचत नाही, तो इथे सुरांतही पोहोचत नाही. हे दोन्ही एकाच डोक्यातून, एकाच हातातून आलेलं आहे, आणि म्हणून या गाण्यावर माझा शेवटचा शिक्का.

हे ऐकून पटलं नाही तर वाजवून पटतं. कृती अवघड नाही. नेहमीच्या ट्यूनिंगवरून सहाही तारा फक्त खाली आणायच्या आहेत, त्यामुळे तार तुटायची भीती नाही. सहावी ई वरून सीवर (दोन पूर्ण स्वर), पाचवी ए वरून जीवर (एक स्वर), चौथी डी वरून सीवर (एक), तिसरी जी वरून ईवर (दीड), दुसरी बी वरून जीवर (दोन), पहिली ई वरून सीवर (दोन). खुंटी पिळताना हव्या त्या स्वराच्या जरा खाली जायचं आणि मग वर येऊन थांबायचं, नाहीतर खुंटीतला सैलपणा पाच मिनिटांत स्वर आणखी उतरवतो. सहाही लावून झाल्या की पहिल्यापासून पुन्हा तपासा. एकेका तारेचा ताण कमी होतो तशी गिटारची मान किंचित मागे जाते आणि आधी लावलेल्या तारा थोड्या चढतात. दुसऱ्या फेरीत हे स्थिरावतं.

ताणाचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. तार दोन पूर्ण स्वर उतरवली की तिच्यावर मूळच्या साधारण 63 टक्केच ताण उरतो, दीड स्वर उतरवली तर 71, एक उतरवली तर 79. म्हणून 10 च्या पातळ सेटवर (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) सहावी तार फ्रेटवर आपटून खडखडते आणि जोरात छेडली की सुरुवातीला स्वर चढा लागून मग खाली येतो. 12 चा सेट चालतो, 13 चा अधिक बरा. खडखड तरीही राहिली तर उजवा हात हलका करा, गाण्याला जोर लागतच नाही.

तिसरी तार म्हणजे या जुळणीतला गंधार. कानाने लावणाऱ्यांचा इथे घोटाळा होतो. मोकळ्या तारांवर गोड वाटेल असा गंधार लावला तर तो ट्यूनरच्या ईपेक्षा सुमारे 14 सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) खाली बसतो. मोकळी कॉर्ड अप्रतिम वाजते, पण तिसरी तार एका फ्रेटवर आणि दुसऱ्या तारा भलत्याच फ्रेटवर दाबल्या, किंवा रेकॉर्डबरोबर वाजवायला घेतलं, की ती उतरलेली ऐकू येते. ही एक तार ट्यूनरवरच लावावी.

मग पहिल्या बोटाने पाचव्या फ्रेटवर सहाही तारा आडव्या दाबल्या की एफ, सातव्या फ्रेटवर जी, आणि बोट उचललं की सी. गाण्याची तिन्ही ठाणी एका बोटात. पण नुसतं असं वाजवलं तर ते सपाट, फलाटावरच्या घोषणेसारखं वाटतं. पाचव्या फ्रेटवर जाड चारच तारा दाबून पहिल्या दोन मोकळ्या सोडा: एफमध्ये जी मिसळतो आणि कॉर्ड उघडी राहते. तेच सातव्या फ्रेटवर करा: आता तिसऱ्या तारेवरचा बी आणि पहिल्या मोकळ्या तारेचा सी अगदी शेजारी येतात आणि अर्ध्या स्वराची खरखर ऐकू येते. ती नको असेल तर तिसरी तार वगळा, मग उरतो तो सस्पेंडेड जी, ना सुटलेला ना मिटलेला. अशा कॉर्डना जोनी प्रश्नाच्या कॉर्ड म्हणते. एवढं हातात आलं की 'अमेलिया'चं वातावरण खोलीत येतं, पुढची बोटं रेकॉर्ड ऐकून शोधता येतात.

आवाजासाठी एक सूचना. बायकांना मूळ पट्टी बहुधा जमते, पुरुषांना काही ओळी अवघड जातात. सगळ्या तारा आणखी खाली नेण्यापेक्षा कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावून वरची पट्टी घ्यावी आणि एक सप्तक खालून गावं, तारा सैल पडत नाहीत.

'अमेलिया'च्याही तीन आवृत्त्या महत्त्वाच्या आहेत. 1976 ची मूळ. मग 'शॅडोज अँड लाइट', 1979 च्या सप्टेंबरात सांता बार्बराला ध्वनिमुद्रित झालेली मैफल, 1980 मध्ये आली. तिथे लीड गिटार पॅट मेथनीची आहे आणि गाणं संपताच त्याचं एकट्याचं वादन सुरू होऊन ते 'हेजिरा'त उतरतं. म्हणून ही तिन्ही सलग ऐकावीत, मधलं तुकड्यासारखं काढून ऐकू नये. तिसरी 2002 च्या 'ट्रॅव्हलॉग'मधली, पुन्हा मेंडोझाच्या वाद्यवृंदासह. 'ट्रॅव्हलॉग' हा शब्दच मुळी 'अमेलिया'च्या दुसऱ्या कडव्यातला. वाद्यवृंद देखणा आहे, पण तारांवरची ती अधांतरी अवस्था व्हायोलिनच्या गादीवर टेकते आणि प्रवास सुखाचा होऊन जातो. मला तिथे गाण्याचं नुकसान झालेलं वाटतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने 1976 चंच ऐकावं.

या गाण्यातला 'तो' कोण, यावर बरंच लिहिलं जातं. त्या शोधात पडू नये असं मनापासून वाटतं. ज्या ओळीत ती म्हणते की आपण कदाचित कधी खरं प्रेम केलंच नसेल, आपलं आयुष्य ढगांत, बर्फाळ उंचीवर गेलं, त्या ओळीला एखाद्या ड्रमरचं नाव चिकटवलं की ती गॉसिप होते. 'ढग' हा शब्द तिथे तिच्याच 'क्लाउड्स'कडे बोट दाखवतो, आणि शेवटच्या कडव्यातलं 'कॅक्टस ट्री मोटेल' तिच्या पहिल्या अल्बममधल्या 'कॅक्टस ट्री'कडे. हे दुवे त्या नावापेक्षा जास्त काही देतात: ती आपलीच जुनी गाणी वाटेवरच्या मुक्कामांसारखी ओलांडत चालली आहे.

2015 मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटल्यानंतर तिला चालणं-बोलणं नव्याने शिकावं लागलं, आणि आपण कुठे बोटं ठेवत होतो हे ती स्वतःचेच जुने व्हिडिओ पाहून शिकली. 2022 मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात तिने गिटार हातात घेतली तेव्हा वाजवलं ते 'जस्ट लाइक धिस ट्रेन', नुसतं वादन. ते अवश्य पाहा, डाव्या हाताकडे लक्ष ठेवून.

स्ट्रीमिंगवर शोधताना एक काळजी घ्या. जानेवारी 2022 ते मार्च 2024 तिची गाणी स्पॉटिफायवर नव्हती, त्या काळात बनलेल्या याद्यांत तिच्या नावाखाली दुसऱ्यांनी गायलेली गाणी घुसलेली असतात. अल्बमचं नाव 'हेजिरा', साल 1976, आणि गाणं दुसऱ्या क्रमांकाचं, 'कोयोटी'च्या लगेच नंतरचं, एवढं जुळलं की बरोबर ठिकाणी आलात.